तुम्ही विचारलंत म्हणून: दिंडोरीवाल्याला रेड वाईनचा प्रश्न

"तू नाशिककडचा ना? मग सांग, साहेबांना द्यायचीय, चांगली रेड वाईन कुठली घेऊ?"

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला गेलाय, विरार फास्टमध्ये एका पायावर उभा असताना विचारला गेलाय, आणि एकदा मयतीहून परतताना रिक्षातसुद्धा. दिवाळीच्या आधी आणि डिसेंबरात तर रोज. आजवर मी तोंडाला येईल ते एक नाव सांगून सुटका करून घेत आलो. आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

द्राक्षं पिकवणाऱ्याच्या घरात वाईन कळते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ऊस लावणाऱ्याला रम कळते का? आमचे नाना माळकरी. दोन एकर शिराझ, म्हणजे रेड वाईनच्या द्राक्षांची एक जात, लावली होती त्यांनी, पण तिच्या वाईनचा थेंब कधी जिभेला लावला नाही. मला जे थोडंफार कळतं ते मुंबईत, स्वतःच्या पैशांनी आणि बऱ्याचशा फजितीने.

तर नाव हवंय ना? घ्या. सुला या वाईन कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. ग्रोव्हर कंपनीची ला रेझर्व्ह, यात कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन जातींची द्राक्षं एकत्र असतात. खिसा बरा असेल तर अकलूजच्या फ्रातेली कंपनीची सेत्ते, सांजोवेझे आणि कॅबर्ने या जातींची. झालं? पण यातली कुठलीही घेऊन तुम्ही तोंडावर पडू शकता, कारण नाव ही शेवटून दुसरी गोष्ट आहे. ती बाटली तुमच्या हातात येईपर्यंत कुठे उभी होती, ही पहिली.

आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं खपतं. क्वार्टर घेणाऱ्यांची रांग काउंटरला, आणि रेड वाईन वर, ट्यूबलाइटच्या शेजारी, धूळ खात उभी. त्या फळीवर मे महिन्यात किती तापत असेल याचा विचार करा. दुकानदार "ही इंपोर्टेड आहे, घेऊन टाका" म्हणाला की मला घाम फुटतो. इंपोर्टेडवर वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी होती. ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाल्यावर तिथल्या बाटल्यांवर ती थोडी उतरली. म्हणजे दोन हजारांच्या परदेशी बाटलीत वाईन किती रुपयांची आणि सरकार किती रुपयांचं, हे तुम्हीच मांडा. त्याच पैशात इथली कितीतरी बरी येते. तेव्हा एसी असलेलं, माल भराभर उठणारं दुकान शोधा. बूच वर सरकलेलं असेल, फॉइलखाली चिकट लागत असेल, तर बाटली तापलेली आहे, परत ठेवा.

साल बघा. साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. आपल्याकडे छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड, फांद्यांसाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी बहाराची, फळासाठी, आणि तोड जानेवारी ते मार्च. म्हणजे 2023 लिहिलेलं असेल तर त्या वर्षाच्या सुरुवातीलाच माल टाकीत गेला. इथली रेड दोन-तीन वर्षांपलीकडची असेल तर मी तरी नेत नाही. 'रिझर्व्ह' या शब्दाला भुलू नका. स्पेनच्या रेडवर 'रेझेर्वा' असेल तर ती कायद्यानेच किमान तीन वर्षं मुरवलेली असते. आपल्याकडे तो शब्द छापायला तसा काही हिशेब द्यावा लागत नाही. (वर सांगितलेल्या दोन नावांत तोच शब्द आहे, माहीत आहे मला.)

फिरकीचं झाकण दिसलं की तुम्ही नाक मुरडता. मीही मुरडायचो. पण ज्यांच्याकडे नेताय त्यांच्या घरात बूचकाढणं आहे का? नसेल तर तुमची बुचाची बाटली दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी, कायमची.

आणि घर बघा. श्रावणात, गणपतीत, मार्गशीर्षातल्या गुरुवारी नेऊ नका. सासूबाई दार उघडतील आणि तुमच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली असेल. ज्यांना गोव्याच्या गोड पोर्ट वाईनची सवय आहे त्यांना कोरडी (ड्राय), म्हणजे गोडवा नसलेली शिराझ देऊन सुधारायला जाऊ नका, त्यांना तीच द्या. झणझणीत मटणाबरोबर पिणार असतील तर फार तुरट नको. तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की तोंडात नुसती आग.

इथपर्यंत कुणीही सांगेल. मी का चिडतो ते आता सांगतो.

2001 मध्ये राज्य सरकारने वाईनचं धोरण आणलं, आणि आमच्याकडे गावोगाव मीटिंगा झाल्या. नानांनी एका वायनरीशी करार केला. नाव सांगत नाही, आता ती नाहीही. वाईनची द्राक्षं म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया. मंडईत फुकट दिली तरी कुणी उचलणार नाही. म्हणजे एकच गिऱ्हाईक, त्याने घेतलं तर घेतलं. 2007 ची तोड चांगली झाली. त्यानंतर कधीतरी वायनरीने प्रत्येक शेतकऱ्याला त्या सालच्या दोन-दोन बाटल्या दिल्या. नानांनी दोन्ही मला दिल्या. "मुंबईत चालतं, तू ने. आपल्या घरात नको."

एक मी मित्रांबरोबर संपवली. बरी होती म्हणतात, मला तेव्हा काय कळत होतं. दुसरी जपून ठेवली. गोरेगावच्या आमच्या वन रूम किचनमध्ये, गॅसच्या वरच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे मला माहीत होतं ना!

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. मंदी आली, 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या हॉटेलांवर हल्ला झाला, पाहुणे आटले, आणि हॉटेलांत जाणारी वाईन टाक्यांतच राहिली. टाक्या भरलेल्या असताना नवा माल कोण घेणार? वायनरीने आधी पैसे थकवले, मग फोन उचलणं थांबवलं. 2010 ला नानांनी बाग तोडली. त्या वर्षी मी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि जामीन राहिले आमचे सर. माझे सेक्शन ऑफिसर. कागद पूर्ण वाचलाही नाही त्यांनी, "कुठे करू सही?" एवढंच विचारलं.

सर 2016 च्या मे महिन्यात रिटायर झाले. त्यांना काय द्यायचं हा माझ्यापुढे प्रश्नच नव्हता. स्वेटर काढला, बाटली पुसली.

मुलुंडला त्यांच्या घरी रविवारी जेवण होतं. दहा-बारा माणसं, पंखा फुल्ल, तरी सगळे घामाघूम. काकूंनी कोंबडी-वडे केले होते. मी बाटली पुढे केली आणि मला बोलायला लावलं. मी बोललो. नको तेवढं बोललो. ही आमच्या बागेतली, ती बाग आता नाही, नानांनी हातांनी तोडलेले घड, आणि सर जामीन राहिले नसते तर काय झालं असतं, सगळं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग बूच. अर्धं हातात आलं, अर्धं भुगा होऊन आत पडलं. चहाच्या गाळण्याने गाळून पेल्यांत ओतली. रंग बघूनच माझ्या पोटात खड्डा पडला. लाल नव्हतीच ती, चिंचेच्या कोळासारखी झाली होती. पेला नाकाशी नेला: व्हिनेगर, आणि त्यामागे नेलपॉलिशचा वास. नऊ उन्हाळे गॅसवर शिजलेली वाईन दुसरी कशी असणार?

मला तेव्हाच बोलता आलं असतं. "थांबा, ही गेलीय," तीन शब्द. पण आत्ताच एवढं भाषण झालं होतं. नाना झाले होते, बाग झाली होती, पदर झाला होता. आता ती फेकून द्या कसं म्हणायचं? सरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. म्हणाले, "ड्राय आहे हं." मग सगळ्यांनी घेतली. "ड्राय आहे." "ओरिजिनल आहे ना, म्हणून." एक नवीन मुलगी होती सेक्शनमध्ये, तिला ठसका लागला, तिने बिचारीने वड्यावर ढकललं. सरांनी पेला पुरा संपवला. उरलेली काकूंनी झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली.

पंधरा दिवसांनी फोन. "अरे, तुझी वाईन रोज दोन चमचे घेतो रात्री. हृदयाला चांगली असते." मी म्हटलं, "हो सर." दारू कुठल्याच मापात औषध नाही, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा "हो सर" म्हटलं. महिन्याने पुन्हा फोन. "संपली रे. नानांना विचार ना, आणखी एखादी असेल तर."

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की भावना महत्त्वाची, वाईन नाही. आता तसं वाटत नाही. ती बाटली मी सरांना दिलीच नव्हती. मी माझी गोष्ट दिली होती आणि ती त्यांना प्यायला लावली. भेट म्हणून ताजी, फिरकीच्या झाकणाची, हजाराच्या आसपासची शिराझ नेली असती तर त्यांनी दोन घोट आनंदाने घेतले असते आणि कुणाला काही सोसावं लागलं नसतं. पण हे लिहितानाच मनात येतं की समज, तसलीच आणखी एक बाटली आज माळ्यावर सापडली, तर ती मी दुसऱ्या कुणाला देईन? सरांनाच. गेलेली आहे हे माहीत असून. मग एसीचं दुकान शोधा, साल बघा, हे सगळं तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगतोय?

तरी सांगतो, कारण तुमच्या बाटलीमागे बाग नाही. तुम्हाला फक्त साहेबांना खूश करायचंय, आणि ते सोपं आहे. एक मात्र त्यांना सांगा: पिण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण त्यांची खोली सोळा-अठरा अंशांची. आपली तिशीच्या वर.

यंदा जानेवारीत सरांकडे गेलो होतो. एसीच्या दुकानातून, दोन वर्षांच्या आतली, फिरकीच्या झाकणाची शिराझ नेली. फ्रीजमध्ये मीच ठेवली, घड्याळ लावून मीच काढली. सरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला.

"छान आहे," म्हणाले. "पण नानांची होती ना, ती जास्त ड्राय होती."

त्यांच्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो. काही कळलं नाही. म्हटलं, "हो सर."