बग्गीला क्रँक घेताना आधी जर्नल बघा, स्ट्रोक नंतर

घरच्या घरी पाइप वाकवून बांधलेल्या बग्गीत आपल्याकडे बहुधा तीनपैकी एक इंजिन बसतं. मारुती ८०० चं एफ८बी, जिप्सीचं जी१३, नाहीतर मोटारसायकलचं सिंगल सिलिंडर. इंजिन खोललं, क्रँकवर (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावर) चरे दिसले की पहिला प्रश्न ठरलेला: आता बदलायचाच आहे तर मोठ्या स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव वाढवणारा टाकूया का?

हा विचार येतो परदेशी व्हिडिओंतून. तिकडच्या बग्ग्यांत फोक्सवॅगन बीटलचं हवेवर थंड होणारं इंजिन असतं. १६०० सीसीला मूळ स्ट्रोक ६९ मिमी, आणि बाजारात ७४, ७८, ८२ मिमीचे तयार क्रँक मिळतात, जोडीला रॉड आणि पिस्टनही. शिवाय त्या इंजिनाच्या मूळ क्रँकला काउंटरवेटच (तोल साधणारी वजनं) नसतात, जास्त आरपीएमला तो लवतो, म्हणून तिथे नवा क्रँक घेण्याला खरंच अर्थ आहे. आपल्या जी१३ ला काउंटरवेट कंपनीतूनच येतात आणि क्रँक पाच मेन बेअरिंगवर, म्हणजे ब्लॉकमधल्या आधारांवर बसतो. तिकडचं गणित इथे लागू होत नाही.

इथलं गणित असं. जी१३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे १२९८ सीसी. बिग एंडचं, म्हणजे रॉड जिथे बसतो तिथलं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत गोल भाग) ४२ मिमीचं असतं. ते ऑफसेट ग्राइंड करून, म्हणजे केंद्र सरकवून घासून ४० वर आणलं तर सेंटर १ मिमी बाहेर सरकतं आणि स्ट्रोक २ मिमी वाढतो. इंजिन झालं सुमारे १३३३ सीसी. मिळाले ३४ सीसी, तीन टक्केही नाहीत. बदल्यात पिस्टन वरच्या टोकाला १ मिमी जास्त चढतो, प्रत्येक सिलिंडरच्या चेंबरमधली ४.३ सीसी जागा खातो, कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं. ४० मिमीला बसणारे रॉड आणि शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) शोधायचे ते वेगळंच. जर्नलचा एका बाजूचा कडक थर निघून जातो तो तर कायमचाच. चिखलातून बाहेर पडायला जो जोर लागतो तो गिअर रेशो आणि टायरच्या मापातून कितीतरी स्वस्तात मिळतो.

तेव्हा मूळ मापाचा, सरळ, बिनतडा क्रँक शोधा. स्टँडर्ड साइजचा जुना क्रँक मिळाला तर तो दोनदा ग्राइंड झालेल्या 'रिकंडिशन' मालापेक्षा केव्हाही बरा.

जुना क्रँक हातात घेतल्यावर आधी तो धुवा, तेलकट क्रँक काहीच सांगत नाही. मग एका टोकाला तार बांधून टांगा आणि काउंटरवेटवर लहान हातोडीने हलकेच ठोका. चांगला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) क्रँक घंटेसारखा वाजतो, आवाज थोडा वेळ रेंगाळतो. थप्प असा मेलेला आवाज आला तर संशय घ्या. कास्टिंगचा (ओतीव क्रँकचा) आवाज मुळातच थोडा बसका असतो, म्हणून आधी कास्ट की फोर्ज्ड ते ओळखा: वेबच्या (जर्नलना जोडणाऱ्या पात्याच्या) कडेला साच्याची रेष बारीक, धाग्यासारखी असेल तर कास्टिंग, बोटभर रुंद आणि ग्राइंडरने घासलेली असेल तर फोर्जिंग. ही चाचणी फक्त भंगार बाजूला काढण्यासाठी. पैसे देण्याआधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्याच, आणि टेस्टनंतर क्रँक डीमॅग्नेटाइज करायला सांगा. ते राहिलं तर तेलातला लोखंडाचा बारीक कीस जर्नलला चिकटून बसतो आणि शेल खरवडत राहतो.

नंतर व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर डायल गेज लावा. जी१३ ला रनआउटची (वाकडेपणाची) मर्यादा ०.०६ मिमी आहे. जर्नल मायक्रोमीटरने दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजा: मेन ४५ मिमी, बिग एंड ४२ मिमी, ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) किंवा टेपर (निमुळतेपणा) ०.०१ मिमीपेक्षा जास्त असेल तर ग्राइंडिंग आलंच. पुढच्या टोकाची चावीची (पुली क्रँकवर पक्की धरणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच जरूर बघा. या इंजिनांत पुलीचा बोल्ट नीट आवळला नाही तर टायमिंग पुली हलते, चावी खाते आणि खाच रुंद होते. तसा क्रँक जर्नल कितीही चकचकीत असले तरी परत ठेवा. वेल्डिंग भरून खाच कापून देणारे भेटतात, पण टायमिंग सरकण्याची भीती राहतेच.

ग्राइंडिंगच्या बाबतीत बेळगाव परिसरात राहणाऱ्याला तक्रारीला जागा नाही. उद्यमबागेत क्रँकचीच कामं करणारी युनिट आहेत, कॉम्प्रेसर आणि डिझेल इंजिनांचे क्रँक इथे तयार होतात. काम मिळणं सोपं आहे, नेमकं काय हवं ते सांगणं आपल्यावर. जी१३ ला कंपनीचा अंडरसाइज (जर्नल घासून कमी करायचं माप) एकच, ०.२५ मिमी. पुढच्या मापांचे शेल बाजारात मिळाले तरी बग्गीसाठी तिथे जाऊ नका.

सगळ्यात जास्त क्रँक तुटतात ते फिलेटपाशी. जर्नल जिथे वेबला मिळतं तिथे गोलाई असते. ग्राइंडिंगच्या दगडाची कड झिजलेली असेल किंवा घाईत ड्रेस केलेली नसेल तर तिथे कोपरा तयार होतो, आणि बग्गीने उडी मारून चाकं जमिनीला लागली की सगळा झटका त्या कोपऱ्यात एकवटतो. क्रँक ग्राइंडिंगला टाकण्याआधी रेडियस गेजने मूळ गोलाई मोजून कागदावर लिहून द्या. परत आणल्यावर नख त्या जागी फिरवा: नख अडकता कामा नये, जर्नलवरून वेबवर सहज चढलं पाहिजे. गोलाई जास्त ठेवली तरी चालत नाही, मग शेलची कड तिच्यावर चढते आणि गरम होते. तेलाच्या भोकांच्या कडाही हलक्या मारून पॉलिश केलेल्या हव्यात.

ईएन १९ किंवा ईएन २४ या मिश्र पोलादातून नवा क्रँक कापून घ्यायचा असेल तर मशिनिंगइतकंच हीट ट्रीटमेंटवर बोला. नायट्रायडिंगचा (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करण्याचा) थर अगदी पातळ, मिलिमीटरच्या काही दशांशांचा. पुढे कधी ग्राइंड केलात तर नायट्रायडिंग पुन्हा करावं लागतं. इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेला थर जाड असतो, तो ०.२५ सहज सोसतो.

चार सिलिंडरचा क्रँक बॅलन्स करायला बॉबवेट (रॉड-पिस्टनच्या जागी लावायची वजनं) लागत नाहीत. आधी एकटा क्रँक, मग फ्लायव्हील, मग प्रेशर प्लेट, आणि प्रत्येक टप्प्याला पंचने खूण. फ्लायव्हील फार हलकं करू नका, दगडांवरून हळू चढताना इंजिन बंद पडतं.

मोटारसायकलच्या सिंगल सिलिंडर इंजिनात क्रँक तुकडे प्रेसवर दाबून जोडलेला असतो, तिथे जर्नल ग्राइंड करण्याचा प्रश्नच नाही. पिन, रॉड आणि रोलर बेअरिंगचा किट बदलायचा आणि प्रेसवर जोडून दोन्ही टोकं डायलवर सरळ करायची. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या. बाहा या कॉलेजांच्या बग्गी स्पर्धेतल्या गाड्यांना तर इंजिनाच्या आत हात लावायची परवानगीच नसते.

जोडताना मेन शेल डोळे झाकून घेऊ नका. क्रँकच्या वेबवर १, २, ३ आणि ब्लॉकवर ए, बी, सी असे ठसे असतात, त्यांच्या जोडीवरून शेलचा रंग ठरतो. ग्राइंड केलेल्या क्रँकला ठशांचा उपयोग नाही, तिथे शेल आणि जर्नलमधलं अंतर प्लास्टिगेजने (चिरडून अंतर दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) मोजा. मेनला ०.०२ ते ०.०४ मिमी हवं, बिग एंडला ०.०८ च्या पुढे गेलं तर चालणार नाही. थ्रस्ट प्ले, म्हणजे क्रँकचं पुढे-मागे सरकणं, ०.११ ते ०.३१ मिमी.

एवढं करूनही क्रँक जातो तो तेलामुळे. चोर्ला घाटाच्या बाजूच्या उभ्या चढावर तेल ऑइल चेंबरच्या मागच्या टोकाला जमतं, पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, आणि काही सेकंद हवा ओढली तरी बिग एंडचे शेल निळे पडतात. ऑइल चेंबरमध्ये पिकअपभोवती आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. तेल वरच्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब टिकत नाही. तांबड्या मातीची धूळ एअर फिल्टरच्या सैल क्लॅम्पमधून आत गेली की तेलात मिसळून पॉलिश पेपरचं काम करते, म्हणून फिल्टरचा रबर पाइप प्रत्येक फेरीनंतर हाताने हलवून बघा. आणि नवा क्रँक बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा.