पवनचक्कीतली ओल

मी इंग्लंडात नॉरिचला राहते, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. चर्चची छपरं, धान्याची कोठारं, शेतावरची घरं हे नेहमीचं. पवनचक्कीतल्या झोपायच्या खोलीतली ओल शोधायला मात्र गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा बोलावणं आलं.

आमच्या नॉरफोक परगण्यात चक्क्यांची घरं बरीच आहेत. क्लाय-नेक्स्ट-द-सीच्या चक्कीचं घर 1921 सालीच झालं, आता तिथे पाहुणे उतरतात. मी गेले ते खाजगी घर, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. पाच मजली विटांचा गोल मनोरा, खाली रुंद, वर निमुळता, डोक्यावर लाकडी टोपी. पाती केव्हाच उतरवलेली.

दारातच थबकले. पायरी म्हणून पुरलेला होता तो दळणाचा दगड, चांगला चार फूट व्यासाचा. तुकडे जोडून भोवती लोखंडी पट्टा आवळलेला. म्हणजे पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-झुआर भागातला दगड. पांढऱ्या पिठासाठी तोच मागवत. मधून काठाकडे गेलेले टाकीचे चर अजून बोटाला लागत होते. आमच्या वाईजवळच्या गावी आजी टाकीवाल्याला ओसरीवर बसवून जात्याला टाकी लावून घ्यायची आणि त्यानंतरचं पहिलं पीठ आम्हाला देत नसे, कच लागते म्हणून. मी त्या चरांवरून बराच वेळ बोट फिरवत बसले.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, "तीन जणांकडून काम करून घेतलं. सगळ्यांनी बाहेरून सिमेंट भरलं. डाग दर हिवाळ्यात परत येतो."

डाग होता तिसऱ्या मजल्यावर, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली. वरचे दोन मजले कोरडे, त्यामुळे वर कोणी गेलंच नव्हतं. मी ओळंबा काढला. छताशी दोरी भिंतीला टेकवून धरली आणि लंबक खाली सोडला. जमिनीपाशी लंबक आणि भिंत यांत चांगलं वीतभर अंतर पडलं.

बाई वाकून बघत राहिल्या. मी सांगितलं, "भिंत खाली येताना बाहेर सरकत जाते, पाणी मात्र सरळ खाली पडतं." वर भिंतीत शिरलेला थेंब विटांच्या सांध्यांतून उतरत येतो. दोन मजल्यांत भिंत त्याच्यापासून दीडेक फूट बाहेर गेलेली असते आणि थेंब येतो खोलीत. वरचे मजले कोरडे असण्याचं कारण हेच. पाणी तिथे अजून भिंतीच्या पोटातच असतं.

मग शिडीवरून टोपीत चढले. कबुतरांची विष्ठा, गंजलेले खिळे, अंधार. इथे थोडं जुनं सांगायला हवं. पूर्वी वारा बदलला की चक्कीवाल्याला टोपी हातांनी फिरवावी लागे. 1745 साली एडमंड ली याने टोपीच्या मागे लहान पंखा बसवण्याचं पेटंट घेतलं. हा पंखा मोठ्या पात्यांशी काटकोनात असतो. वारा बाजूने आला की तो फिरतो, दात्यांच्या चाकांवरून अख्खी टोपी वळवतो आणि पाती वाऱ्यासमोर आली की थांबतो. मला हे यंत्र फार आवडतं. त्याच्यामुळे टोपीची पाठ सहसा वादळाला लागतच नाही, आणि म्हणून ती पाठ साधीच बांधलेली असते.

1880 नंतर बंदरांतल्या पोलादी रोलरच्या गिरण्या आणि अमेरिकेचा गहू यांनी गावोगावच्या चक्क्या बंद पाडल्या. काही गुरांचं खाद्य भरडत तग धरून राहिल्या. या चक्कीचं घर झालं नसतं तर मनोराही उरला नसता, हे मी मनापासून मानते. पण घर करणाऱ्यांनी पंखा काढला आणि टोपी होती तशी, पूर्वेला तोंड करून, चार बोल्टांनी जखडली. इथली वादळं येतात नैर्ऋत्येकडून, आणि ती थेट पाठीवर. पंख्याचे वासे जिथून बाहेर जात, ती भोकं पातळ प्लायवूडने बुजवली होती. प्लाय हाताने दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. खाली भिंतीचा माथा काळा पडलेला, विटेवर शेवाळ.

काम मोठं नव्हतं. मागे जाड फळ्या, वर शिशाचा पत्रा, भिंतीतलं सिमेंट खरवडून चुना, आणि भिंत नीट सुकेपर्यंत खोलीत गिलावा करायचा नाही.

बाई शिडीच्या तोंडाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "टोपीचं तोंडच नैर्ऋत्येला करता येणार नाही का?"

मी टॉर्च खाली धरला. टोपी ज्यावर फिरते ते भिंतीच्या माथ्यावरचं दातेरी कडं विष्ठेच्या थराखाली जागेवर होतं. खिळ्याने थोडं खरवडलं, तर आतून काळं ग्रीस निघालं, अजून चिकट. मी म्हटलं, चक्क्यांचा जाणकार सुतार आणावा लागेल, खर्चही बराच येईल, पण कडं शाबूत दिसतंय.

"मग आधी त्यालाच बोलवा," बाई म्हणाल्या. "फळ्यांचं नंतर बघू."