काकांच्या पाईपला कुठला गोंद लावला, माझा अनुभव

देवळाली कॅम्पच्या काकांचा तंबाखू ओढायचा पाईप दांड्यात तडकला. तोंडात धरायची काळी नळी जिथे आत बसते तिथून तडा सुरू होऊन बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या दिशेने बोटाच्या पेराएवढा गेला होता. पाईप ब्रायरचा आहे, भूमध्य समुद्राकाठी एक झुडूप असतं त्याच्या मुळाशी जी गाठ होते तिचं लाकूड, ते उष्णता चांगली सोसतं म्हणून पाईपसाठी वापरतात. काकांना तो आर्मीतल्या मित्राने दिलेला, त्यामुळे नवा घ्या हा विषयच नव्हता. काका म्हणाले "अरे फेविक्विक लाव आणि दे", पण मला ते पटेना कारण त्यातून ते धूर ओढणार आहेत.

नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरवाल्यांना विचारलं तर प्रत्येकाचं एकच, हा सगळ्यात मजबूत आहे भाऊ. पण इथे प्रश्न मजबुतीचा नाहीच, गोंदापर्यंत उष्णता किती पोचते आणि गोंद धुराच्या वाटेत येतो का हा आहे. बाऊलमधे पेटलेला तंबाखू कित्येकशे डिग्री तापतो, तिथे घरगुती गोंद कुठलाच चालत नाही. दांड्याचं मात्र वेगळं, पाईप ओढताना काका दांडा बिनधास्त बोटात धरतात, आणि जे आपण आरामात धरू शकतो ते ५० डिग्रीच्या फार वर नसतं. हे डोक्यात आल्यावर मला एकदम हुरूप आला, म्हणजे दुरुस्ती होण्यासारखी होती.

तरी खात्री हवी म्हणून सागवानाच्या चिपा फेविकॉल, अराल्डाइट आणि फेविक्विकने वेगवेगळ्या चिकटवल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. फेविकॉलचा जोड हाताने सरकला, तो पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतोच. अराल्डाइट रबरासारखं झालं, गार झाल्यावर परत कडक. फेविक्विक टिकलं पण चीप जोरात वाकवल्यावर सुटलं. म्हणजे बाऊलला यातलं काहीच नाही हे पक्कं झालं, आणि दांड्यासाठी निवड उरली अराल्डाइट की फेविक्विक.

मी फेविक्विक घेतलं. तडा केसाएवढा बारीक, अराल्डाइट घट्ट असल्यामुळे अशा फटीत शिरत नाही, वरच बसतं, आणि फेविक्विक पातळ असल्याने आपोआप आत ओढलं जातं. तडा रुंद असता किंवा तुकडा निघाला असता तर मी अराल्डाइटच घेतलं असतं.

पण नुसता गोंद लावून तडा थांबत नाही, तो पुढे सरकतो. म्हणून आधी सराफ बाजारातल्या एका कारागिराकडे गेलो, त्याने तड्याच्या टोकाला अगदी बारीक ड्रिलने भोक पाडून दिलं, तिथे ताण पसरतो आणि तडा पुढे जात नाही. मग घरी स्पिरिटने आतला बाहेरचा चिकटा काढला, कारण जुन्या तंबाखूच्या डांबरावर कुठलाच गोंद धरत नाही, आणि पूर्ण वाळू दिला. नळी काढून ठेवली आणि गोंद आत उतरून साचू नये म्हणून नळी बसते त्या भोकात बटर पेपरची सुरळी घातली. तड्यावर थेंब थेंब सोडून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. एक लक्षात ठेवा, पुसायला कापूस अजिबात वापरू नका, फेविक्विक आणि कापूस एकत्र आले की चटका बसेल इतकं तापतं. आणि पावसाळी दमट हवेत हा गोंद लवकर धरतो पण कडेला पांढरी भुकटीसारखी झाक येते, ती बारीक पॉलिश पेपरने निघाली.

सुरळी काढल्यावर आत थोडा गोंद पाझरलेला दिसला, तो सगळा खरवडून काढला. ही पायरी कंटाळा येतो म्हणून सोडू नये, या गोंदाचा जळका धूर डोळ्याला नाकाला झोंबतो.

शेवटी त्याच कारागिराकडून दांड्याच्या तोंडाला चांदीची बारीक रिंग घालून घेतली. जोडावर येणारा ताण खरं तर तीच पेलते, गोंद फक्त फट बंद ठेवतो, आणि माझ्या मते दांड्याच्या तड्याला रिंगशिवाय दुरुस्ती अर्धीच. दिसतेही छान, काकांना तर पहिल्यापेक्षा आवडली.

तडा का गेला तेही शोधलं. काका पाईप ओढून झाला की गरम असतानाच नळी पिळून काढतात, त्यावेळी लाकूड ओलाव्याने आणि उष्णतेने फुगलेलं असतं, नळी घट्ट अडकलेली असते आणि सगळा जोर दांड्याच्या कडेवर येतो. आता पाईप पूर्ण गार झाल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही असं काकूंसमोरच कबूल करून घेतलंय.