ड्रायव्हर जेवला का?

भाड्याच्या गाडीत आपण दोघंच असलो की कुणी कुठे बसायचं हा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाही. दोघंही मागे बसलो की उगाच साहेब-मेमसाहेब झाल्यासारखं वाटतं, एकजण पुढे गेला की मागचा खिडकीबाहेर बघत एकटा पडतो, आणि पुढच्याला वाटत राहतं की आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. ग्रुप टूरला हा प्रश्न नसतो. चाळीस माणसांत आपण मस्त हरवतो, गाइड काय सांगतोय ते ऐकलं नाही तरी चालतं, डोळा लागला तरी चालतं. पण नवऱ्याला ग्रुप टूर म्हटलं की अंगावर काटा येतो. कुणाचं तरी बाथरूम, कुणाचं तरी शॉपिंग, सगळ्यांसाठी थांबत बसायचं. म्हणून पोर्तुगालला गेलो तेव्हा त्याने पोर्तोहून दोरो खोऱ्याची एक दिवसाची प्रायव्हेट टूर बुक केली. गाडी, ड्रायव्हर-कम-गाइड, दोन वाइनरी, मध्ये जेवण. तो खूश. मी आदल्या रात्रीपासूनच विचार करत होते की दिवसभर त्या माणसाशी बोलायचं काय.

सकाळी हॉटेलच्या दारात काळी व्हॅन. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, इंग्लिश आपल्यासारखंच, म्हणजे कामापुरतं पण बिनधास्त. नवरा टुणकन मागे जाऊन बसला, मी पुढे. तिथेच दिवसाची वाटणी झाली.

लहानपणी आम्ही वर्षातून एकदा वणीच्या गडावर जायचो, सप्तशृंगीला. त्यासाठी नाशिकहून जीप ठरवायची, त्यात घरातले सगळे अधिक शेजारच्या काकू अधिक ऐनवेळी येणारं कुणीतरी. पुढे बाबा, कारण ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं काम त्यांचं. बाबा घरी चार वाक्यं बोलणारा माणूस, पण जीपमध्ये बसले की सुटायचे. गाव कुठलं, मुलं किती, गाडी मालकाची की स्वतःची, टायर कधी बदलले. गडाच्या वळणांवर तर इतके प्रश्न की त्या बिचाऱ्याला झोप येणं शक्यच नव्हतं, चिडला असेल तर ते वेगळं. आणि आईचं काम डब्याचं. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, आणि यातलं पहिलं ताट ड्रायव्हरला. देवीचं दर्शन झालं, सतरंजी पसरली, की आम्ही हात पुढे करायच्या आत आई म्हणायची, "ड्रायव्हर जेवला का बघा आधी." तो जीपच्या आडोशाला बसून जेवायचा, आमच्या सतरंजीवर कधी आला नाही, आणि ये असं त्याला कुणी म्हटल्याचंही आठवत नाही. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आता वाटतं.

तर पोर्तोहून निघालो. तासाभरात डोंगर सुरू होतात आणि मग मारांवचा बोगदा लागतो, साडेपाच किलोमीटरच्या वरचा, २०१६ मध्ये सुरू झालेला. आधी या डोंगरावरून घाटरस्त्याने जायला लागायचं. बोगद्यात शिरताना बाहेर ढगाळ, भुरभुर पाऊस, आणि पलीकडे निघालो तर लख्ख ऊन. समुद्राकडून येणारा पाऊस हा डोंगर अडवतो. ड्रायव्हर म्हणाला, आमच्याकडे म्हण आहे, मारांवच्या पलीकडे तिथल्यांचंच राज्य चालतं. आणि दुसरी म्हण, इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. हे सांगताना तो चांगलाच खुलला होता, त्यावरून कळलं की तो पलीकडचा आहे.

मग खाली नदी दिसते. मी फोटो पाहिले होते, तरी दिसलं तेव्हा तोंडातून काही निघेना. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी कोरलेला, एकेका पायरीवर वेलींच्या एक-दोन रांगा, प्रत्येक पायरीला दगडी बांध. बांधात चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माती म्हणाल तर नाहीच, सगळा पापुद्र्यांचा खडक, तो फोडून त्याचीच जमीन केलेली. खडक उभा चिरत जातो म्हणून वेलींची मुळं त्या फटींतून खोल जातात, दिवसा तापलेला दगड रात्री ऊब देतो, वगैरे वगैरे. हे सगळं नवऱ्याने मागून विचारून घेतलं. मी बांध बघत होते. एक बांध ढासळला की तो परत रचायला किती दिवस लागत असतील, आणि आता रचणारे तरी मिळत असतील का.

मधेच काही डोंगर असे होते की पायऱ्या आहेत, पण वेली नाहीत. झुडपं माजलेली, कुठे ऑलिव्हची झाडं. विचारलं तर म्हणाला, फिलोक्सेरा. १८६० च्या दशकात मुळं खाणारी ती कीड आली आणि बागाच्या बागा गेल्या. पुढे अमेरिकन खुंटावर कलम करून लोकांनी पुन्हा लावल्या, पण सगळ्यांनी नाही. ज्या सोडल्या त्या सोडल्याच. त्या पडीक पायऱ्यांना तिथे मोर्तोरियो म्हणतात.

खुंटावर कलम म्हटल्यावर मी जरा सरसावून बसले. कारण माझा मामा निफाड तालुक्यातला, आणि त्याची थॉमसन द्राक्षांची बाग होती. माझ्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या त्या बागेत गेल्यात. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, डीपिंग, थिनिंग, भुरी, डाऊनी, हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. मामा बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, मारून यायचा तेव्हा शर्ट, हात, भुवया, सगळं निळसर. मोरचूद आणि चुन्याचा तो एक वास असतो, नाकात धातू गेल्यासारखा, बंबाच्या पाण्याने दोनदा आंघोळ केली तरी जात नाही. पहिल्या वाइनरीत उतरलो आणि मालकीणबाई नदी दाखवत होत्या तेव्हा मी बागेच्या कडेचा लाकडी खांब बघत होते. त्यावर तोच निळा-हिरवा ओघळ. बोट लावून पाहिलं. नवरा म्हणाला, काय करतेयस? म्हटलं, बोर्डो. तो म्हणाला, आपण दोरोला आलोय, बोर्डो फ्रान्समध्ये. आता याला काय सांगणार.

सप्टेंबरचा शेवट होता, तोडणी चालू होती. तिथे अजूनही काही ठिकाणी द्राक्षं पायांनी तुडवतात. ग्रॅनाइटचा उथळ हौद, त्याला लागार म्हणतात, त्यात मांडीपर्यंत द्राक्षं, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने कवायतीसारखी डावा-उजवा करत जातात. हे पहिले एक-दोन तास. मग मोकळीक देतात, गाणी, वाद्यं, ज्याला हवं तसं नाचायचं. आम्ही गेलो तेव्हा हौद भरलेला होता पण आत कोणी नव्हतं, कारण दिवसभर तोडणी करायची आणि तुडवायचं संध्याकाळी. म्हणजे दिवसभर चढावर पाट्या वाहायच्या आणि रात्री नाचायचं. टुरिस्टांना नाचच दाखवतात, साहजिक आहे. पिन्यांव गावाच्या छोट्याशा स्टेशनवर १९३७ सालच्या निळ्या टाइल्सवर चित्रं आहेत, त्यात मात्र वाहणारी माणसं पण आहेत, तोडणाऱ्या बायका आणि डोक्या-खांद्यावर टोपल्या. लोक ट्रेनकडे पाठ करून तिथेच उभे असतात.

टेस्टिंगबद्दल मी काही बोलू नये हेच बरं, कारण ग्लास गोल फिरवून, नाक खुपसून लेदर, टोबॅको, चॉकलेट असं काही मला आजवर सापडलेलं नाही. पोर्ट ही तिथली वाइन गोड असते, आंबायची क्रिया अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात, मग ती थांबते आणि साखर तशीच राहते, अल्कोहोल मात्र वीस टक्क्यांच्या आसपास. दुपारी बाराच्या उन्हात वीस टक्के! जुनी टॉनी पोर्ट मात्र आवडली. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवून तिचा रंग उतरलेला, आणि वास थेट मामाच्या बेदाण्याच्या शेडसारखा. मालकीणबाईंना हे सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, काय लिहिलं देव जाणे.

ड्रायव्हरपुढेही एक ग्लास ठेवला होता. त्याने उचलला, वास घेतला, डोळे मिटले, आणि परत ठेवला. तिथे व्यावसायिक ड्रायव्हरला रक्तातल्या अल्कोहोलचं लिमिट नेहमीच्या निम्म्याहून कमी आहे, ०.५ च्या जागी ०.२, म्हणजे जवळजवळ शून्यच. वर्षभर रोज दोन वाइनरी, आणि हा माणूस फक्त वास घेतो. मला एकदम वाईटच वाटलं. त्याला काहीच वाटत नव्हतं.

जेवायची वेळ झाली तेव्हा व्हायचं तेच झालं. टेबल दोघांचं लागलेलं. तो म्हणाला, तुम्ही जेवा, मी बाहेर आहे. नवरा म्हणाला ओके. आणि माझ्या तोंडून, चक्क मराठीत, निघालं, "ते जेवले का विचार." शेवटी तिसरी खुर्ची आलीच. हो-नाही करत बसला. ब्रेड, ऑलिव्ह, हिरव्या पानांचं सूप, त्यात सॉसेजचा तुकडा, बकऱ्याचं मटण. पहिली दहा मिनिटं तिघंही अवघडलेले, कारण नवऱ्याला प्रायव्हेट हवं होतं, ड्रायव्हरला बहुतेक अर्धा तास शांतता हवी होती, आणि मला काय हवं होतं ते मला तरी कुठे माहीत. आईसारखं ताट बाहेर पाठवलं असतं तर कदाचित तिघंही सुखाने जेवलो असतो.

पण मग त्याने फॉरेस्टरची गोष्ट काढली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर, इंग्रज व्यापारी, या नदीचा नकाशा काढणारा, पोर्टमध्ये दारू ओतू नका म्हणून भांडणारा. १८६१ मध्ये वालेइरा नावाच्या धबधब्यासारख्या जागी त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. होडीत दोना आंतोनिया फरेरापण होती, दोरोतली सगळ्यात मोठी बागायतदारीण, विधवा झाल्यावर तिने सगळा पसारा एकटीने वाढवलेला. ती वाचली. सांगतात असं की तिच्या घेरदार झग्यात हवा भरली आणि ती तरंगली, आणि त्याच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा होता, तो घेऊन तो तळाला गेला. खरं-खोटं सोडा. ड्रायव्हरने ही गोष्ट ज्या समाधानाने सांगितली त्यावरून या खोऱ्यात व्यापाऱ्यांविषयी काय मत आहे ते कळलं. आता नदीवर धरणं झालीत, सगळं पाणी शांत, टुरिस्टांच्या होड्या आरामात फिरतात.

परतीला, ड्रायव्हर प्रसिद्ध म्हणतो तो नदीकाठचा रस्ता, रेगुआ गावापर्यंत, वळणावर वळण. नवरा मागे झोपला. बारापासूनची पोर्ट आणि वर मटण. आणि मला बाबांची ड्यूटी आठवली, जेवण झालंय, ऊन आहे, वळणं आहेत, हा झोपला तर? सुरू केलं. गाव कुठलं, मुलं किती. मुलगी लक्झेंबर्गला नर्स. गाडी मालकाची. आणि आईच्या नावावर बाग आहे, अर्धा हेक्टर, चढावर, पार वरती.

मग मी खरंच विचारायला लागले. तिथे प्रत्येक बागेला मार्क असतात, उंची किती, चढ किती, खडक कसा, वेली किती जुन्या, त्यावरून ग्रेड, ए म्हणजे सगळ्यात वरचा. उंचावरच्या बागेचे मार्क कापले जातात. आणि ग्रेडप्रमाणे ठरतं की तुझ्या द्राक्षांतली किती पोर्टसाठी जाणार. या परवानगीचे पैसे बरे मिळतात, बाकीची द्राक्षं साध्या वाइनला, मिळेल त्या भावात. जग पोर्ट कमी प्यायला लागलंय म्हणून हा कोटा दर वर्षी उतरतोय. २०२२ मध्ये साऱ्या खोऱ्याला मिळून १ लाख १६ हजार पिंपं, ५५० लिटरचं एक, आणि २०२४ मध्ये ९० हजार. शेजाऱ्याची द्राक्षं यंदा घ्यायलाच कोणी आलं नाही, वेलीवरच आहेत, म्हणाला. दोघा भावांनी आईची बाग स्वतः सुट्टी काढून तोडली, मजूर परवडत नाही. मी म्हटलं, मग ठेवता कशाला? त्याने गिअर बदलला आणि म्हणाला, ती आहे तोपर्यंत.

१७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्किस झालेला, याने या प्रदेशाची हद्द आखली आणि नंतर तिच्यावर दगडी खांब रोवले गेले, भेसळ थांबावी आणि पोर्टचा भाव टिकावा म्हणून. अडीचशेच्या वर वर्षं झाली. २००१ मध्ये युनेस्कोने या बांधांच्या प्रदेशाला जागतिक वारसा ठरवलं. त्या खांबांतला एक ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवला. बाजूला कचऱ्याचा डबा होता.

मामाची बाग गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. एका वर्षी व्यापारी पैसे बुडवून पळाला, पुढच्या वर्षी माल ऐन गोडीत आला आणि गारा पडल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मामाने जेसीबी लावला. मांडवाचे अँगल भंगारात गेले. आता मका आणि कांदा. त्याविषयी तो बोलत नाही, पण टीव्हीवर अवकाळीची बातमी लागली की चॅनेल बदलतो.

घरी आल्यावर त्याला फोन केला, फोटो पाठवले. मला वाटलं डोंगर बघून थक्क होईल. त्याने झूम करून वेली पाहिल्या.

"एका झाडाला कितीक माल?"

"किलो-दीड किलो म्हणतात."

"बास? पाणी?"

"बहुतेक नाहीच देत."

"मांडव नाही, पाणी नाही, दीड किलो. शेती करतात का नवस फेडतात?" मग मी ड्रायव्हरच्या आईच्या बागेचं सांगितलं, कोट्याचं, वेलीवर राहिलेल्या मालाचं. बराच वेळ हूं हूं करत ऐकलं.

"अर्धा हेक्टर म्हणजे सव्वा एकर," मामा म्हणाला. "इकायची का त्यांना? इचारलंस का?"

"मामा, पोर्तुगालमध्ये आहे ती."

"मग काय झालं? इचारायला काय जातंय."