छोट्या तेरेजाचे फक्त गुलाब बघू नका

आमच्या वसईत कितीतरी घरांत बाळ येशूच्या संत तेरेजाचं चित्र असतं, तपकिरी झगा, हातात क्रूस आणि छातीशी धरलेले भरपूर गुलाब, आणि चेहरा इतका गोड की वाटतं हिला आयुष्यात कधी कसला त्रास झालाच नसेल. मला मनापासून वाटतं की ह्या गोड चित्रामुळेच आपण तिचं लिहिलेलं वाचायला जात नाही. एक ऑक्टोबरला सण करतो, फुलं वाहतो, काय मागायचं ते मागून घेतो, पण ही मुलगी नेमकं काय सांगून गेली ते राहूनच जातं.

थोडक्यात सांगते. फ्रान्समध्ये २ जानेवारी १८७३ ला जन्म, चार वर्षांची असताना आई गेली, पंधराव्या वर्षी लिझ्यू गावच्या कार्मेल मठात, म्हणजे बाहेरच्या जगापासून दूर प्रार्थनेत राहणाऱ्या सिस्टरांच्या मठात, गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ ला क्षयाने वारली, वय २४. शाळा काढली नाही, हॉस्पिटल काढलं नाही, मठाबाहेर तिचं नावही फारसं कोणाला माहीत नव्हतं. मोठी बहीण पोलीन त्याच मठाची मदर, म्हणजे प्रमुख, होती, तिने सांगितलं म्हणून ही लहानपणच्या आठवणी वहीत लिहायला लागली, मग अजून एकदोघींनी सांगितलं म्हणून पुढचं लिहिलं, आणि शेवटी तर टाक धरवेना म्हणून पेन्सिलीने. ते सगळं १८९८ ला छापलं, २००० प्रती. १९२५ ला ती संत झाली आणि १९९७ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांमध्ये, म्हणजे ज्यांची शिकवण सगळ्या चर्चसाठी मोलाची मानतात अशा संतांमध्ये, बसवलं, संत अगस्तीन आणि थॉमस अक्वायनसच्या रांगेत! कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतलं तेही हिच्यावरूनच.

पण मला ती जवळची वाटायला लागली ती ह्यातल्या कशामुळेच नाही. मठात सिस्टर सेंट पियेर म्हणून एक म्हातारी, आजारी सिस्टर होती, तिला रोज संध्याकाळी प्रार्थनेतून उठवून जेवणाच्या खोलीत न्यायला लागायचं. सहाला दहा कमी असताना ती आपलं वाळूचं घड्याळ हलवायची, म्हणजे चल आता. मग तिचं स्टूल एका ठराविक पद्धतीनेच उचलायचं, मागून कमरपट्ट्याला धरून चालायचं, जरा जोरात चाललं की पडेन म्हणून ओरडणार, जरा हळू झालं की तुझा हातच लागत नाहीये म्हणून ओरडणार, आणि वर तू फार लहान आहेस तुला जमणार नाही हे असायचंच. तेरेजाने हे काम स्वतःहून मागून घेतलं होतं, आणि मागणं सोपं गेलं नाही असं ती स्पष्ट लिहिते. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ह्या बाईला दुखऱ्या हातांनी पाव नीट कापता येत नाही, तर कोणी न सांगता ती रोज जायच्या आधी तिचा पाव कापून द्यायला लागली आणि निघताना आपलं सगळ्यात छान हसू देऊन जायची. एवढंच आहे ते. तिचा जो 'छोटा मार्ग' म्हणतात, छोटी छोटी कामं प्रेमाने करत देवाकडे जायचा, तो हा.

माझ्या सासूबाईंना दोनेक वर्षांपासून विसर पडायला लागलाय. दर पाच मिनिटांनी विचारतात, मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) बेल झाली का ग? मी विरार लोकलमधून लोंबकळत येऊन पर्स खाली ठेवायच्या आत पहिला प्रश्न तोच. नाही आई, अजून वेळ आहे. मग चहा, मग सकाळी सायकलवाल्याकडून घेतलेला कडक पाव चहात बुडवून मऊ करून एक एक घास द्यायचा, मध्येच त्या तो बशीत परत ठेवतात आणि बेलचं विचारतात. पाव मोडताना मला हमखास लिझ्यूची ती जेवणाची खोली आठवते. काम कमी होत नाही, चिडचिडही पूर्ण जात नाही, पण हे काम प्रार्थनेच्या आड येतंय असं वाटायचं ते थांबलं. हीच माझी संध्याकाळची प्रार्थना आहे असं मी आता अगदी ठामपणे म्हणते.

आणि थकव्याबद्दल तर ती काय छान लिहून गेलीय! ती ध्यानाला बसली की चक्क झोपायची, वर्षानुवर्षं. ह्याचं मला दुःख व्हायला हवं पण होत नाही, म्हणते, कारण लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला तेवढंच आवडतं. रात्री रोझरीच्या, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेच्या, दुसऱ्या गूढापर्यंत (दुसऱ्या टप्प्यापर्यंत) डोळे मिटणाऱ्या आपल्या सगळ्या आयाबायांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

तरुण पोरांना मात्र मी तिचं शेवटचं दीड वर्ष वाचायला सांगते. १८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं आणि त्यानंतर ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनातला स्वर्गच विझला. अंधार माझी थट्टा करतो, असं लिहिलंय, की मेल्यावर तुला आणखी गडद रात्र मिळेल, शून्याची रात्र. पुढे लिहिलं तर देवाची निंदा होईल म्हणून ती तिथे थांबते. हे कार्मेलची सिस्टर लिहितेय, मरायला टेकलेली! आणि तीच सांगते की आख्ख्या आयुष्यात केली नसेल इतक्या वेळा त्या एका वर्षात तिने विश्वासाची कबुली दिली. आपल्याकडे एखादा मुलगा म्हणाला की मला मिस्सात काहीच वाटत नाही, देव आहे की नाही कळत नाही, तर घरात लगेच रडारड आणि ओरडा सुरू होतो. त्याच्यावर ओरडण्याआधी ही पानं त्याच्या हातात द्या, निदान त्याला कळेल की तो ज्या जागी उभा आहे तिथे एक संत पण उभी होती आणि तिथून पळून गेली नव्हती.

वाचायचं असेल तर एक सांगते, तिच्या वह्यांच्या छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत पोलीनने बरीच डागडुजी केली होती, तेरेजाने लिहिलं होतं अगदी तसं १९५६ मध्ये बाहेर आलं, त्यामुळे घेताना मूळ वह्यांवरून केलेलं भाषांतर आहे का ते बघून घ्या. पहिल्या वहीतलं लहानपण थोडं रेंगाळतं, रडणंही खूप आहे, तिथे अडकलात तर सरळ तिसरी वही उघडा, सिस्टर सेंट पियेर तिथेच भेटेल.