रविवारची तयारी आणि आईचं "शिळं"

जानेवारीत माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर सांगणारी टेस्ट) 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, 5.7 ते 6.4 च्या मधे असलं की प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, गोळी नको पण खाणं आणि चालणं सांभाळा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. माझे वडील शेवटची दहा वर्षं इन्सुलिनवर होते, त्यांच्या पायाची जखम किती महिने भरत नव्हती ते मी घरात बघितलंय, त्यामुळे त्या दिवशी डोंबिवलीपर्यंतच्या लोकलमधे माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

काय खायचं हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं हो. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, भात कमी, साखर बंद. माझं गाडं अडायचं ते रात्री साडेआठला. दादरहून उभ्याने येऊन घरात पाय टाकला की पोटात आग, हिची पण तीच अवस्था कारण ती पण नोकरी करते, ओट्यावर काहीच तयार नाही, मेथीची जुडी फ्रीजमधे तशीच, ती निवडायची म्हणजे अर्धा तास, मग काय, कुकर लावा आणि वरणभात खा पोटभर, नाहीतर ऑर्डर करा. आठवड्यातून चार दिवस हेच चालायचं.

मग यूट्यूबवर बघून एका रविवारी आम्ही दोघांनी पाच दिवसांचं सगळं जेवण करून टाकलं. पंधरा डबे. भाज्या, उसळ, डाळ, पोळ्यासुद्धा. सोमवारी बरं लागलं, मंगळवारी ठीक, बुधवारी डबा उघडला तर फ्लॉवरला वास, काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटलेलं, पोळ्या कडक. आणि आईने तर पहिल्या दिवसापासून हात लावला नाही. "अरे, परवाचं अन्न आज खायचं, हे कसलं पथ्य? आजारी माणसाला कोणी शिळं वाढतं का?"

मला राग आला होता खरं तर. इतकी मेहनत केलेली. पण दोन दिवसांनी तीच म्हणाली, "तू स्वयंपाक करून ठेवू नकोस, स्वयंपाकाची तयारी करून ठेव. फोडणी रोज ताजी दे." आणि तिथून सगळं बदललं. परदेशातल्या व्हिडीओत चिकन आणि ब्रोकोली डब्यात भरतात ते त्यांच्या जेवणाला चालत असेल, आपल्या जेवणाची चव फोडणीत आणि तव्यावरून ताटात येण्यात आहे, ती आधी करून ठेवता येत नाही. पण त्याच्या आधीचं सगळं येतं.

आता आमचं असं चालतं. शुक्रवारी रात्री मटकी किंवा मूग भिजत घालायचे, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, रविवारपर्यंत छान मोड येतात (थंडीत जरा जास्त वेळ लागतो). ते डब्यात भरून फ्रीजला, तीन दिवस आरामात टिकतात. कच्चे नाही खात आम्ही, वाफवून किंवा उसळ करूनच. पालेभाजी निवडून ठेवायची पण धुवायची नाही, हे फार महत्त्वाचं, ओली ठेवली की दोन दिवसांत सडते, कोरडी कागदात गुंडाळून ठेवली की चार दिवस जाते. फरसबी, गाजर, कोबी चिरून वेगवेगळ्या डब्यांत. कांदा टोमॅटो आलं लसूण तेलावर परतून वाटण करायचं आणि बर्फाच्या ट्रेमधे गोठवायचं, रात्री दोन क्यूब कढईत टाकले की उसळीचा मसाला तयार. ओलं खोबरं मात्र मी आधी खवून ठेवत नाही, लगेच वास मारतं.

भाकरी रोज. तिला पर्याय नाही, ज्वारीची भाकरी गार झाली की वाळून कडक होते. आणि पीठ एकदम दळून आणू नका, जुनं झालं की पीठ विरी जातं मग थापताना भाकरी तुटते. आम्ही आठवड्यापुरतंच दळून आणतो. भाकरी थापायला मी आईकडून शिकलो, पहिले पंधरा दिवस नकाशे झाले पण आता चार भाकऱ्या वीस मिनिटांत होतात, तेवढ्यात दुसऱ्या गॅसवर उसळ.

भाजणी हा तर आपला कधीपासूनचा तयार माल आहे! ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं. आईने तांदूळ कमी करून डाळी वाढवल्या. ज्या दिवशी गाडी लेट असते त्या दिवशी दुधी किसून थालीपीठ, वर जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, वाटीभर दही. दहा मिनिटांत जेवण.

अजून एक, संध्याकाळी साडेपाचची भूक. रात्रीच्या जेवणाचा घोटाळा तिथेच सुरू होतो असं माझं स्पष्ट मत आहे. पाच छोट्या डब्यांत मूठ मूठ फुटाणे आणि शेंगदाणे भरून ठेवतो, रोज एक बॅगेत. स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवरून सरळ पुढे जाता येतं कारण पोटात काहीतरी असतं. संकष्टीला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, तीही बेतानेच.

एप्रिलमधे एचबीएवनसी 5.8 आलं, वजन 84 वरून 80. रोज अर्धा तास चालणंही होतं त्यात, नुसत्या डब्यांचं श्रेय नाही. डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा. आईला रिपोर्ट दाखवला तर तिने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, काही बोलली नाही, पण काल शुक्रवारी मी घरी पोचायच्या आधीच ओट्यावर पातेल्यात कुळीथ भिजत घातलेले होते.