तीन किलमरींपैकी दोन बाद

माझे आयरिश खापरपणजोबा किलमरी नावाच्या नेमक्या कुठल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) जन्मले, हा तिढा सुटत आलाय. पूर्ण नाही, पण तिनातल्या दोन किलमरींवर मी काट मारली आहे आणि एवढ्यावरच स्वारी सध्या खूश आहे.

खापरपणजोबांची फाइल आता तुम्हालाही पाठ झाली असेल. 1850 च्या दशकात कंपनी सरकारच्या बॉम्बे युरोपियन रेजिमेंटमध्ये भरती, 1862 मध्ये ती रेजिमेंट राणीच्या फौजेत 103 वी झाली तेव्हा तिच्याबरोबर बदली, लग्न पुण्यात, पेन्शनही पुण्यातच. त्या बदलीच्या वेळी हजारो गोरे शिपाई भांडून, नाव कापून घेऊन मायदेशी परतले. हे परतले नाहीत, म्हणून तर मी इथे पुण्यात बसून आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीचे नकाशे बघतोय. आणि परतले नाहीत म्हणूनच 'डब्ल्यूओ 97' मध्ये, म्हणजे ब्रिटिश युद्धखात्याच्या शिपायांच्या जुन्या कागदांत, त्यांचा डिस्चार्जचा कागद आहे: जन्म किलमरी पॅरिश, एनिस शहराजवळ, क्लेअर.

क्लेअरमध्ये किलमरी तीन. एक बनरॅटीकडची, लिमरिकच्या बाजूला. दुसरी किलमरी आयब्रिकन, अटलांटिकच्या किनाऱ्याला. तिसरी किलमरी मॅकमहॉन, शॅननच्या खाडीकाठी. आणि एनिस पडलं काउंटीचं मुख्य ठिकाण. 'जवळचं शहर कुठलं?' असं भरतीवाल्या सार्जंटने विचारल्यावर तिन्हीकडचा पोरगा एनिसच सांगणार. त्यात आडनाव असं, की तिन्ही पॅरिशमध्ये ढिगाने सापडतं.

1922 मध्ये डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं, त्या आगीचं रडगाणं पुन्हा गात नाही. मध्यंतरी कंटाळून एका तिकडच्या पगारी संशोधकाला पैसे दिले होते. त्याने घराण्याचं रंगीत मानचिन्ह छापून पाठवलं! शिपाई माणसाला कसलं आलंय मानचिन्ह. तेव्हा माझं मत पक्कं झालं: आयरिश सरकारची फुकटची संकेतस्थळं, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पॅरिश नोंदवह्या आणि क्लेअर काउंटी लायब्ररीच्या स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या याद्या, हे सगळं चाळून संपल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. इतरांच्या वंशवृक्षातून डोळे मिटून नावं उचलणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

तर सुटलं कसं? खापरपणजोबांना बाजूला ठेवून त्यांच्या मित्राच्या मागे लागलो. लग्नाच्या नोंदीतला साक्षीदार आणि थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा गॉडफादर हा एकच माणूस, त्याच रेजिमेंटचा. त्याचाही डिस्चार्जचा कागद निघाला. तिथेही किलमरीच, पण शहर एनिस नाही, काउंटीच्या पश्चिमेचं किलरश! बनरॅटीची किलमरी तिथेच बाद. दोघे एकाच गावचे असतील हे गृहीतक आहे, मान्य. पण परमुलखात लग्नाला साक्षीदार आणि पोराला गॉडफादर म्हणून माणूस सहसा आपल्याच मुलखातला धरतो.

उरल्या दोन. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव थॉमस आहे. 1855 चा ग्रिफिथ उघडला, म्हणजे कुणाच्या ताब्यात कुठली जमीन आणि घर होतं याची सरकारी यादी. आयब्रिकनमध्ये त्या आडनावाचा थॉमस नाही. मॅकमहॉनमध्ये दोन थॉमस, एकाच टाउनलँडमध्ये (पॅरिशमधला जमिनीचा छोटा विभाग). मग वेगळे ओळखायचे कसे? ग्रिफिथच्या माणसांनी तेच केलं जे आपण रोज करतो, बापाचं नाव जोडलं. एक नुसता थॉमस आणि दुसरा 'थॉमस (थेडी)', म्हणजे थेडीचा थॉमस. आता पुण्यातली मुलं बघा. थोरला थॉमस, आजोबांचं नाव, रिवाजाप्रमाणे. धाकट्याचं नाव थॅडियस! कँपातल्या नोंदींत हे नाव मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही, आणि क्लेअरमध्ये मात्र थेडी, थॅडियस, टिमथी ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास येतात. नोंदीच्या त्या पानाचा फोटो मी वॉलपेपर करून ठेवलाय, बायको हसते.

पुरावा झाला का? नाही. किलमरी मॅकमहॉनची बाप्तिस्म्याची वही खापरपणजोबांच्या जन्मानंतर सुरू होते. म्हणजे त्यांची स्वतःची नोंद कधीच मिळणार नाही, हे मनाशी मान्य करून टाकलंय. बेत असा होता की पाठच्या भावंडांची नोंद शोधायची. वही सुरू झाल्यावर जन्मलेलं एखादं शेंडेफळ, बाप थॉमस, आणि नशीब असेल तर आईचं माहेरचं आडनाव. ते पुण्याच्या कागदांत कुठेच नाही.

पण हे लिहिता लिहिताच ट्यूब पेटली. ग्रिफिथ 1840 च्या दशकातल्या मोठ्या आयरिश दुष्काळानंतरचा. किलरश युनियनमध्ये (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग) दुष्काळाच्या वर्षांत घरं पाडून कुळांना हाकलण्याचा धडाका चालला होता आणि तिथला सरकारी निरीक्षक कॅप्टन केनेडी याने हाकललेल्यांच्या टाउनलँडवार नावानिशी याद्या केल्या. त्या 1849 मध्ये पार्लमेंटच्या कागदपत्रांत छापल्या गेल्या. 1855 मध्ये ज्यांच्या नावावर जमीन दिसते ते टिकलेले लोक. आमचं पोरगं कंपनीच्या फौजेत गेलं ते घर मोडलं म्हणून गेलं असेल, तर त्याचा बाप ग्रिफिथमध्ये असायलाच नको! मग माझा थेडीचा थॉमस गेला कामातून, आणि थॅडियस हा निव्वळ योगायोग.

त्यामुळे आधी केनेडी, मग भावंडं. टायथच्या (चर्चसाठी जमिनीवर बसवलेल्या कराच्या) वह्याही 1823 ते 1837 च्या आहेत, तिथे थेडी जमीन कसताना दिसला तर धागा पुढे नेता येईल. मात्र त्यात भूमिहीन मजुरांची नावं येत नाहीत, तेव्हा नाव दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरणार नाही. केनेडीच्या याद्यांवर कुणी काम केलं असेल तर एक सांगा: कुटुंबप्रमुखाचं नाव मूळ कागदात कितपत नीट लागतं, की तिथेही सगळे नुसतेच पॅट आणि मायकेल?